पायाची नाडी आणि रक्ताचा रिपोर्ट : सोलापूरच्या आरोग्य यंत्रणेस खुले पत्र

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, सोलापूर,
मा. अधिष्ठाता, डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, सोलापूर,
मा. जिल्हा आरोग्य अधिकारी, जिल्हा परिषद, सोलापूर,
मा. आरोग्य अधिकारी, सोलापूर महानगरपालिका,
आणि शहर-जिल्ह्यातील सर्व खासगी रक्ततपासणी प्रयोगशाळांचे चालक यांस

विषय : पायांच्या धमन्यांच्या आजारात पुढील गुंतागुंतीचा अंदाज देणाऱ्या रक्तचाचण्यांचा वापर आणि सोलापूरच्या रुग्णांची स्वतंत्र नोंद

महोदय,

मी जीवरसायनशास्त्राचा निवृत्त अध्यापक आहे. नोकरीची बहुतेक वर्षे रक्ताचे नमुने तपासण्यात आणि ते कसे तपासावेत हे विद्यार्थ्यांना शिकवण्यात गेली. आता पूर्व भागातील एका लहान दवाखान्यात बसून रुग्णांना त्यांचे रिपोर्ट वाचून समजावून देतो. हे पत्र त्या कामातूनच लिहावेसे वाटले.

गेल्या काही काळापासून मधुमेही रुग्णांच्या पिशवीतून पायाच्या नसांसाठी म्हणून केलेल्या रक्तचाचण्यांची पॅकेजे निघू लागली आहेत. सीआरपी, होमोसिस्टीन, डी-डायमर, लायपोप्रोटीन-ए, कधी एनटी-प्रोबीएनपी अशी नावे एकाखाली एक छापलेली असतात, काहींच्या पुढे ठळक अक्षरांत ‘हाय’ असते आणि शेवटी तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा अशी ओळ असते. हे पैसे रुग्णाने बहुधा उसने घेतलेले असतात. त्याच्या पायाची नाडी मात्र कोणी हात लावून पाहिलेली नसते आणि घोट्याचा रक्तदाब कोणी मोजलेला नसतो.

माझे म्हणणे असे आहे. पायांच्या धमन्यांचा आजार असलेल्या कोणत्या रुग्णाचा पाय धोक्यात आहे, कोणाला हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात येण्याची शक्यता अधिक आहे, हे रक्तातील खुणांवरून आधी ओळखता येईल ही आशा खरी आहे आणि तिच्यामागे अनेक वर्षांचे गंभीर संशोधन आहे. परंतु आजाराचे निदानच झालेले नसताना या चाचण्या विकणे हा रुग्णावर अन्याय आहे, आणि बोस्टन किंवा टोरांटो येथील रुग्णांवर ठरलेली मोजपट्टी आपल्या माणसांवर पडताळून न पाहता लावणे हे शास्त्राला धरून नाही. ती पडताळणी सोलापुरात होऊ शकते, आणि ती आपण करावी अशी विनंती करण्यासाठी हे पत्र आहे.

ज्यांचा वैद्यकाशी रोजचा संबंध नाही अशा वाचकांसाठी आजाराबद्दल थोडे सांगणे आवश्यक आहे. हृदयाच्या धमन्यांत चरबी आणि चुना साचून त्या जशा अरुंद होतात तशाच पायांच्याही होतात. डॉक्टर याला पेरिफेरल आर्टरी डिसीज किंवा नुसते पीएडी म्हणतात, आणि रुग्ण ‘पायाची नस ब्लॉक झाली’ असे म्हणतो. सुरुवातीला थोडे चालले की पोटरी भरून येते आणि दोन-चार मिनिटे थांबले की बरे वाटते. आजार वाढला की रात्री अंथरुणात पाय ठणकतो आणि तो खाटेखाली लोंबता सोडला की जरा आराम पडतो. त्यापुढे जखम भरत नाही, बोट काळे पडते, आणि मग पाय कापण्याची भाषा सुरू होते. तथापि हा क्रम पुस्तकातला आहे. प्रत्यक्षात बहुसंख्य रुग्णांना पोटरीचा असा ठरावीक त्रास होतच नाही, आणि मधुमेहाने पायाची जाणीव गेलेल्या रुग्णाला तर जखम झाल्याचेही कळत नाही. उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर गेलेला असताना अनवाणी चालून तळवे भाजलेले आणि ते घरी आल्यावर दुसऱ्याच कोणीतरी पाहिलेले असे रुग्ण आपल्याकडे नवीन नाहीत.

२०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यात, २०१० मध्ये जगभरात वीस कोटींहून अधिक लोकांना हा आजार असल्याचा अंदाज मांडला होता, आणि त्यांतील बहुसंख्य लोक कमी व मध्यम उत्पन्नाच्या देशांतील होते. भारतातील मधुमेहींची संख्या दहा कोटींच्या पुढे गेल्याचे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) पाहणीने २०२३ मध्ये दाखवले. तंबाखू आणि मधुमेह ही या आजाराची दोन सर्वांत मोठी कारणे आहेत, आणि या शहरात दोन्हींची कमतरता नाही. आजार शेवटच्या टप्प्याला पोहोचलेल्या, म्हणजे विश्रांतीतही वेदना किंवा न भरणारी जखम असलेल्या रुग्णांपैकी साधारण चौथा ते पाचवा हिस्सा वर्षभरात दगावतो, आणि जवळपास तितक्यांचाच पाय जातो. अनेक कर्करोगांचे आकडे याहून सौम्य आहेत, हे येथे मुद्दाम नोंदवतो, कारण ‘पायाची जखम आहे, ड्रेसिंग करू’ या वृत्तीने या आजाराकडे पाहिले जाते.

एका रुग्णाची फाइल येथे उलगडून सांगतो, कारण माझा सगळा मुद्दा तिच्यात आहे. टॉवेलच्या कारखान्यात माग चालवणारा पन्नाशी ओलांडलेला माणूस. बसथांब्यापासून कारखान्यापर्यंत जाताना पोटरी भरून यायची, म्हणून तो वाटेतल्या पानटपरीपाशी थांबायचा. दिवसभर मागापाशी उभे राहून पाय दुखतात असे त्याला वाटायचे, आणि वेदनाशामक गोळी घेतली की दिवस निघायचा. अंगठ्याचे नख काढताना कातडी कापली गेली आणि ती जखम दोन महिने भरली नाही. माझ्यासमोर फाइल आली तेव्हा तिच्यात पॅकेजचा रिपोर्ट वरच लावलेला होता. सीआरपी ४८, होमोसिस्टीन ३१, दोन्हींपुढे ‘हाय’. त्याला सांगितले गेले होते की रक्तात सूज आहे आणि नसांना धोका आहे. दवाखान्यात आम्ही डॉप्लरची, म्हणजे रक्तप्रवाहाचा आवाज ऐकवणाऱ्या यंत्राची, पेन्सिल लावून घोट्याचा दाब मोजला तो ६२ आणि दंडाचा १४८ निघाला. भागाकार ०.४२ आला. हा भागाकार, ज्याला एबीआय म्हणतात, ०.९० किंवा त्याखाली असला की आजार आहे असे धरतात. त्याचा सीआरपी वाढला होता तो अंगठ्यात पू झाल्यामुळे. होमोसिस्टीन वाढले होते ते शरीरात बी-१२ जीवनसत्त्व कमी असल्यामुळे. जे खरोखर धोक्याचे होते ते त्याच फाइलच्या तळाशी, महिनोन्‌महिने केलेल्या साध्या रिपोर्टांत पडून होते : दहाच्या वर राहिलेला एचबीएवनसी (गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी साखर), हळूहळू चढत गेलेले क्रिएटिनिन (मूत्रपिंड मंदावल्याची खूण), २.८ पर्यंत उतरलेले अल्ब्युमिन (रक्तातील प्रमुख प्रथिन). या तिन्हींची एकत्र नोंद कोणी घेतली नव्हती. त्याचे पाऊल पुढे वाचले नाही.

आता त्या चाचण्यांविषयी सविस्तर लिहितो, कारण सरसकट ‘या चाचण्या निरुपयोगी आहेत’ असे म्हणणेही तितकेच चुकीचे ठरेल.

सीआरपी हे यकृतात तयार होणारे, दाहाची खूण सांगणारे प्रथिन आहे. अमेरिकेतील पुरुष डॉक्टरांच्या दीर्घकालीन अभ्यासातून १९९८ मध्ये असे दिसले की ज्यांचा सीआरपी सुरुवातीला जास्त होता त्यांना पुढे पायांच्या धमन्यांचा आजार होण्याचे प्रमाण अधिक होते. त्याच गटातील संशोधकांनी २००१ मध्ये अनेक खुणांची तुलना केली तेव्हा सर्वांत भरवशाच्या दोन ठरल्या. एक सीआरपी, आणि दुसरे एकूण कोलेस्टेरॉल व एचडीएल (चांगले कोलेस्टेरॉल) यांचे साधे गुणोत्तर, जे आपल्या कोणत्याही लिपिड प्रोफाइलमध्ये आपोआप छापून येते. हा दुसरा निष्कर्ष पॅकेजच्या जाहिरातीत कधीच नसतो. शिवाय ते सारे लोक सुरुवातीला निरोगी होते. उघडी जखम, हिरड्यांचा पू किंवा नुकताच येऊन गेलेला ताप असलेल्या रुग्णाचा सीआरपी धमन्यांविषयी काहीही सांगत नाही. म्हणूनच तो लिटरमागे दहा मिलिग्रॅमच्या वर गेला की आधी संसर्ग शोधावा आणि धोका मोजण्यासाठी काही आठवड्यांनी, रुग्ण बरा असताना, पुन्हा तपासावा असा नियम आहे. हा नियम रिपोर्टवर छापण्यास खर्च लागत नाही.

होमोसिस्टीनची गोष्ट आपल्यासाठी अधिक बोधप्रद आहे. पाश्चात्त्य अभ्यासांत हे रक्तातील अमिनो आम्ल वाढलेले असणे आणि धमन्यांचे आजार यांचा संबंध दिसला होता. परंतु पुण्यातील लोकांवर केलेल्या आणि २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, तपासलेल्या बहुसंख्य लोकांत ते वाढलेले आढळले, आणि त्याचे मुख्य कारण बी-१२ ची कमतरता हे होते. जी खूण गावातल्या बहुतेकांत वाढलेलीच आहे ती धोक्यातला माणूस वेगळा कसा काढणार? आणि पुढे २००६ मध्ये ‘होप-२’ या मोठ्या चाचणीत जीवनसत्त्वे देऊन होमोसिस्टीन उतरवले तरी हृदयविकाराचे झटके अपेक्षेप्रमाणे कमी झाले नाहीत. बी-१२ ची कमतरता असेल तर ती भरून काढावी, कारण मधुमेह्याच्या पायाच्या नसांना, म्हणजे मज्जातंतूंना, त्याची गरज आहे. मात्र त्यासाठी होमोसिस्टीनची महाग चाचणी लागत नाही.

तिसरे उदाहरण जीडीएफ-१५ या प्रथिनाचे. धोक्याच्या खुणांच्या यादीत त्याचे नाव अलीकडे वारंवार येते आणि हृदयरोगाच्या अभ्यासांत ते खरोखर चांगले ठरले आहे. पण मेटफॉर्मिन ही गोळी घेणाऱ्यांत ते औषधामुळेच वाढते. आपल्याकडे मधुमेहाचे उपचार घेणाऱ्यांपैकी फार मोठा वर्ग मेटफॉर्मिनवर असतो. हे ठाऊक नसलेल्या डॉक्टरच्या हाती असा रिपोर्ट गेला तर रुग्णाला विनाकारण घाबरवले जाईल, किंवा त्याहून वाईट म्हणजे चांगली गोळी बंद केली जाईल.

एनटी-प्रोबीएनपी आणि ट्रोपोनिन या हृदयाच्या खुणा आहेत. पायांचा आजार असलेल्या रुग्णांत त्या वाढलेल्या असतील तर पुढील हृदयविकार आणि मृत्यू यांचा धोका वाढतो, हे अनेक अभ्यासांत सातत्याने दिसले आहे, आणि माझ्या मते नव्या चाचण्यांपैकी या सर्वांत आधी आपल्या कामाच्या आहेत. कारण पायाचा रुग्ण बहुधा हृदयानेच जातो. मूत्रपिंड मंदावले की या दोन्ही चढतात, म्हणून क्रिएटिनिन शेजारी ठेवल्याशिवाय त्या वाचू नयेत. सिस्टॅटिन-सी आणि बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिन या रक्तातील प्रथिनांबाबतही मूत्रपिंडाचा हाच प्रश्न आहे. बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिन या आजारात वाढते हे २००७ मध्ये प्रथिनांच्या मोठ्या चाळणीतून पुढे आले. टोरांटोचे संशोधक एफएबीपी-३ या स्नायूंतील प्रथिनावर काम करत आहेत, आणि अनेक प्रथिनांचे आकडे संगणकाला एकत्र देऊन कोणाचा आजार वाढेल याचा अंदाज बांधण्याचेही प्रयत्न तेथे झाले आहेत. मला या कामाबद्दल आदर आहे. परंतु ते रुग्ण कॅनडातील आहेत, त्यांची मूत्रपिंडे, त्यांचे वजन, त्यांची औषधे आणि त्यांच्या जखमा वेगळ्या आहेत, आणि संगणकाने शिकलेला अंदाज ज्या लोकांवर शिकला त्यांच्याबाहेर घसरतो हे सांख्यिकीच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही शिकवले जाते.

लायपोप्रोटीन-ए (रक्तात कोलेस्टेरॉल वाहणारा एक कण) याचे प्रमाण आनुवंशिक आहे, आयुष्यात एकदा तपासले तरी बहुधा पुरते, आणि दक्षिण आशियाई लोकांत ते युरोपीय लोकांपेक्षा सरासरीने जास्त असते. कमी वयात आजार झालेल्यांत ते एकदा पाहावे. दर सहा महिन्यांच्या पॅकेजात त्याचे काही काम नाही. डी-डायमर आणि फायब्रिनोजेन या गोठण्याच्या खुणांविषयी येथे फार लिहीत नाही, पण प्रयोगशाळेत आयुष्य काढलेला माणूस म्हणून एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. या चाचण्यांची निळ्या झाकणाची नळी खुणेच्या रेषेपर्यंतच भरावी लागते, कारण तिच्यातील सायट्रेटचे आणि रक्ताचे प्रमाण एकास नऊ असे ठरलेले आहे. अर्धीच भरलेली नळी मे महिन्याच्या दुपारी दुचाकीच्या डिकीतून तालुक्याहून शहरात येते, आणि त्या नमुन्यावरून निघालेला आकडा दोन दशांश स्थळांपर्यंत छापला जातो. त्या अचूकतेला काही अर्थ उरलेला नसतो.

मग आज उपलब्ध असलेले काय वापरावे? माझ्या मते प्रत्येक मधुमेही, तंबाखूसेवी आणि पन्नाशीपुढील पायदुखीच्या रुग्णाच्या पावलावरील व घोट्यामागील नाडी हाताने पाहिली जावी, आणि शंका आली की एबीआय मोजला जावा. त्याला हातात मावेल असे डॉप्लर यंत्र, रक्तदाबाचा पट्टा आणि पंधरा मिनिटे पुरतात. मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा विकार जुना असेल तर धमनीच्या भिंतीत चुना साचून ती दाबली जात नाही आणि एबीआय खोटा चांगला, कधी १.४० च्याही वर येतो. अशा वेळी अंगठ्याचा दाब मोजावा लागतो, आणि त्याचे दंडाशी गुणोत्तर ०.७० किंवा त्याखाली असले की आजार धरावा. ही अंगठ्याची सोय निदान शासकीय रुग्णालयात तरी असावी. २०२४ च्या अमेरिकी मार्गदर्शक सूचनांतही निदानाचा पाया हाच आहे, रक्तचाचणी नाही.

आजार ठरला की जवळच्या, स्वस्त चाचण्या एका कागदावर आणाव्यात : एचबीएवनसी, क्रिएटिनिन, लघवीतील अल्ब्युमिन, रक्तातील अल्ब्युमिन, हिमोग्लोबिन, लिपिड (रक्तातील चरबी) आणि सीबीसी (रक्तपेशींची मोजणी). सीबीसीमध्ये न्यूट्रोफिल आणि लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींचे प्रमाण छापलेलेच असते. त्यांचा भागाकार वाढलेल्या रुग्णांत पाय गमावण्याचे आणि मृत्यूचे प्रमाण अधिक असल्याचे अनेक अभ्यासांत दिसले आहे, आणि तो काढण्यास जादा पैसा लागत नाही. एचबीएवनसीबाबत तर ब्रिटनमधील मधुमेहाच्या मोठ्या अभ्यासाने २००० मध्ये दाखवले की तो एक टक्क्याने कमी असण्याशी पाय कापावा लागण्याचा किंवा पायाच्या रक्तवाहिन्यांच्या आजाराने मृत्यू येण्याचा धोका ४३ टक्क्यांनी कमी असण्याचा संबंध आहे. भविष्याचा अंदाज देणारी इतकी बोलकी आणि इतकी स्वस्त खूण मला दुसरी माहीत नाही. ती आपल्या आरोग्यकेंद्रांतून नित्य तपासली जाते, पण पायाशी जोडून वाचली जात नाही.

‘अंदाज बांधून करायचे काय’ असा प्रश्न मला एका तरुण डॉक्टरांनी विचारला होता. प्रश्न रास्त आहे. तंबाखू बंद करणे, कोलेस्टेरॉल उतरवणारे स्टॅटिन, रक्तदाब व शुगर आटोक्यात ठेवणे आणि पोटरी दुखेपर्यंत चालून, थांबून, पुन्हा चालण्याचा नियमित व्यायाम हे जवळपास प्रत्येक रुग्णाला द्यायचेच आहे, त्यासाठी कोणत्याही बायोमार्करची, म्हणजे रक्तातील खुणेची, वाट पाहायची नाही. परंतु काही उपचारांत निवड करावी लागते. २०१७-१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘कंपास’ चाचणीत पायांच्या किंवा मानेच्या धमन्यांचा आजार असलेल्या रुग्णांना अ‍ॅस्पिरिनबरोबर रिव्हरॉक्सॅबॅन हे रक्त गोठू न देणारे औषध अल्प मात्रेत दिले गेले. हृदयविकार, पक्षाघात व त्यांमुळे होणारे मृत्यू मिळून सात टक्क्यांवरून पाच टक्क्यांवर आले, पायाच्या मोठ्या गुंतागुंती दोन टक्क्यांवरून एक टक्क्यावर आल्या, पण मोठा रक्तस्राव दोन टक्क्यांवरून तीन टक्क्यांवर गेला. शंभरांतील कोणाला हा लाभ मिळेल आणि कोणाला रक्तस्राव होईल, हे आज आपण वय, मूत्रपिंड आणि जुन्या आजारांवरून ठरवतो. येथे रक्तातील चांगली खूण मिळाली तर ती रुग्णाच्या खरोखर उपयोगाची ठरेल. कोणाला आठवड्याच्या आत शस्त्रक्रियेच्या केंद्रात पाठवावे आणि कोणाला महिन्याने पुन्हा पाहावे, हा निर्णयही अक्कलकोट किंवा मंगळवेढ्याच्या डॉक्टरला तिच्या आधाराने घेता येईल. बायोमार्करची किंमत असा निर्णय बदलतो का, यावरच ठरवली पाहिजे.

म्हणून पहिली विनंती अधिष्ठाता महोदयांना आहे. आपल्या रुग्णालयात शहराबरोबरच धाराशिव, विजयपूर, कलबुर्गी या बाजूंचेही रुग्ण येतात. त्यांतील पीएडीच्या प्रत्येक रुग्णाची एक नोंदवही सुरू व्हावी. तिच्यात एबीआय, जखमेची अवस्था, वर सांगितलेल्या साध्या चाचण्या, चालू औषधे आणि तंबाखूचा पूर्ण तपशील असावा. तंबाखूच्या तपशिलावर मी जोर देतो. ‘धूम्रपान : होय / नाही’ असा एकच रकाना ठेवला तर मशेरी लावणारी आणि दिवसभर विडी वळणारी बाई ‘नाही’ मध्ये जमा होते. तसेच पंचेचाळिशीच्या आतील, विडी ओढणारा आणि मधुमेह नसलेला तरुण वेगळा नोंदवला जावा, कारण त्याला बहुधा चरबीचा आजार नसून १९०८ मध्ये लिओ बर्गर यांनी वर्णन केलेला, तंबाखूमुळे हातापायांच्या लहान धमन्या सुजून बंद पडण्याचा आजार असतो, आणि त्याला कोलेस्टेरॉलच्या खुणा लावणे व्यर्थ आहे. त्याचा पाय तंबाखू पूर्ण सुटली तरच वाचतो.

या नोंदवहीबरोबर रुग्णाची संमती घेऊन रक्ताचा एक जादा नमुना उणे ८० अंशांत साठवला जावा. संस्थेच्या नैतिकता समितीची परवानगी, आयसीएमआरच्या २०१७ च्या सूचनांचे पालन आणि मराठीबरोबरच तेलुगू व कन्नडमधील संमतिपत्र या गोष्टी त्यासाठी आवश्यक आहेत. मग सहा महिन्यांनी, वर्षाने आणि दोन वर्षांनी प्रत्येक रुग्णाला दूरध्वनी करून पाय आहे का, झटका आला का, माणूस हयात आहे का एवढेच विचारायचे. हे विचारणे सर्वांत कंटाळवाणे आणि सर्वांत मोलाचे काम आहे. ते न झाल्यास साठवलेल्या नळ्या नुसता बर्फ ठरतील. मग त्या साठ्यावर एनटी-प्रोबीएनपी, सिस्टॅटिन-सी, एफएबीपी-३ यांपैकी जे तपासायचे ते एकत्र तपासता येईल आणि साध्या चाचण्यांनी मिळणाऱ्या अंदाजात त्याने काही भर पडते का हे आपल्याच आकड्यांवरून कळेल. एमडी आणि एमएसच्या विद्यार्थ्यांना प्रबंध लिहावेच लागतात. दर वर्षी नवा विषय शोधून अर्धवट सोडण्यापेक्षा एकाच नोंदवहीवर मागच्या विद्यार्थ्याने सोडलेल्या ठिकाणापासून पुढच्याने काम करावे.

जिल्हाधिकारी महोदयांना विनंती अशी की हाताळण्याजोगी डॉप्लर यंत्रे आणि शीतकपाट यांची तरतूद जिल्हा नियोजन समितीच्या निधीतून व्हावी. शीतकपाटाला स्वतंत्र जनरेटरची जोड हवी, कारण एका रात्रीच्या वीजखंडात वर्षभराचे नमुने वितळू शकतात.

जिल्हा परिषद आणि महापालिका यांच्या आरोग्य विभागांनी असंसर्गजन्य आजारांच्या तपासणीत शुगर-बीपीबरोबर मोजे-चप्पल काढायला लावून दोन्ही पावले पाहणे आणि नाडी चाचपणे याचा समावेश करावा. आशाताईंना यासाठी अर्ध्या दिवसाचे प्रशिक्षण पुरेल. सुरुवात पूर्व भागातील वसाहती आणि कुंभारी येथून करावी, कारण तेथे यंत्रमाग आणि विडी कामगारांची घरे एकाच ठिकाणी मिळतात. आषाढीला पालख्या आपल्या जिल्ह्यात येतात तेव्हा मार्गावर आरोग्य शिबिरे असतातच. दिवसाला पंधरा-वीस किलोमीटर चालणाऱ्या वारकऱ्याला ‘चालताना पोटरी भरून येते का आणि थांबल्यावर बरी होते का’ हा प्रश्न विचारण्यास याहून योग्य जागा कोणती असणार? होय म्हणणाऱ्याची नाडी पाहावी आणि त्याच्या गावच्या आरोग्यकेंद्राला चिठ्ठी द्यावी. शिबिरात रक्त काढू नये. त्या गर्दीत आणि धकाधकीत काढलेल्या रक्ताचा सीआरपी कामाचा नसतो.

खासगी प्रयोगशाळांच्या चालकांशी मी व्यवसायबंधू म्हणून बोलतो. आपल्यातील अनेक जण माझे विद्यार्थी होते. पायाच्या नावाने पॅकेज विकायचे असेल तर त्याच्या अर्जावर एबीआयचा आकडा लिहिण्याची जागा ठेवा आणि ती रिकामी असेल तर रुग्णाला आधी तो मोजून येण्यास सांगा. संसर्ग, मेटफॉर्मिन, मूत्रपिंड यांमुळे कोणते आकडे वर जातात हे रिपोर्टवर मराठीत छापा. ज्या चाचणीने उपचार बदलत नाही ती डॉक्टरने लिहिल्याशिवाय पॅकेजात घालू नका. यात आपले थोडे उत्पन्न जाईल हे मला ठाऊक आहे, तरीही सांगतो. आणि नोंदवही सुरू झाली तर आपल्याकडील सीबीसी, क्रिएटिनिनचे जुने आकडे रुग्णाच्या संमतीने तिला द्या. त्या कागदांत या शहराच्या पायांचा इतिहास पडलेला आहे.

महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेचे कवच आता कुटुंबाला पाच लाखांपर्यंत आहे, पण रुग्ण बोट काळे पडल्यावरच तिच्या दारात पोहोचतो. तो त्याआधी ओळखला जावा यासाठी वरील बाबींवर अधिष्ठाता, दोन्ही आरोग्य विभाग, शहरातील शल्यचिकित्सक, मधुमेहतज्ज्ञ आणि प्रयोगशाळा यांची एक संयुक्त बैठक बोलवावी, आणि ती पालख्या जिल्ह्यात येण्यापूर्वी व्हावी, म्हणजे शिबिरांतील प्रश्नावली तरी याच वर्षी वापरता येईल. नोंदवहीचा मसुदा, नमुना घेण्याची पद्धत आणि रिपोर्टवर छापण्याच्या सूचना मी मराठीत लिहून तयार ठेवल्या आहेत. तेलुगू व कन्नड भाषांतरासाठी माझे दोन सहकारी तयार आहेत. बैठकीस बोलावल्यास कागद घेऊन हजर राहीन, आणि तंत्रज्ञांचे प्रशिक्षण विनामोबदला घेईन.

आपला विश्वासू,
जीवरसायनशास्त्राचा एक निवृत्त अध्यापक,
सोलापूर